मदत हवी आहे: जपानमध्ये बँकेत नोकरी, सोमवारपर्यंत पैसे भरू का?

कपाशी_दारव्हा
जपानात बँकेत कोणी आहे का इथं? मी जपानी शिकून राह्यलो, मला बँकेतच काम करायचं आहे. एजंट म्हणतो जागा पक्की आहे, सोमवारपर्यंत साडेतीन लाख भर. भरू का? लवकर सांगा.

आर्वीकर_मास्तर
जपानी कुठवर आलं? शिक्षण काय? आत्ता काय करता?

कपाशी_दारव्हा
एन-४ पास आहे, म्हणजे जपानीच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी, पुण्याला जाऊन दिली. सर, भरू की नको तेवढं सांगा ना.

निवृत्त_कॅशियर
बेटा, पैसे भरून बँकेत नोकरी लागत नाही. पीओची, म्हणजे बँक अधिकारी भरतीची परीक्षा दे. स्टेट बँकेच्या तोक्यो अन् ओसाकाला शाखा आहेत, तिथं अधिकारी इथूनच पाठवतात.

निशिकासाईकर
काका, ती बदली मिळायला किती वर्षं जातील! मी तोक्योत जोखीम विभागात आहे. बँकेच्या कामाला पदवीवाला व्हिसा लागतो. पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव हवा, आणि काम शिक्षणाशी जुळायला हवं. आधी कंपनीशी करार होतो, मग कंपनी इथल्या इमिग्रेशनकडून पात्रतेचा दाखला काढते, तो हातात आला की आपण व्हिसा मागायचा. एन-४ वर ग्राहकांसमोर कोणी बसवणार नाही, दोन पातळ्या वरचं एन-२ तरी धरून चाला. भाऊ, तुमच्या कागदावर व्हिसाचं नाव काय आहे?

कपाशी_दारव्हा
'तोकुतेई गिनोऊ' लिहिलं आहे. अन् मी बी.कॉम. २०२१, तीन वर्षांपासून पतसंस्थेत लिपिक.

निशिकासाईकर
थांबा, पैसे भरू नका! 'तोकुतेई गिनोऊ' म्हणजे ठरावीक कौशल्याच्या कामाचा व्हिसा, तो एप्रिल २०१९ पासून आहे. वृद्धसेवा, शेती, बांधकाम, उपाहारगृह अशा ठरलेल्या क्षेत्रांसाठीच. बँक त्यात नाहीच. एन-४ त्याला पुरतं, म्हणून तुम्हाला गाठलं असेल. वृद्धसेवेचं काम इज्जतीचं आहे, पण बँकेचं सांगून तिकडे पाठवणं ही फसवणूक आहे.

वऱ्हाडी_गडी
त्यापरीस भाषाशाळेत ॲडमिशन घे भाऊ. विद्यार्थी म्हणून परवानगी काढली की आठवड्याला २८ तास काम करता येते. माह्या मावसभाऊ तसाच गेला.

निशिकासाईकर
कर्ज काढून नको. भाडं नि फी भागवता भागवता अभ्यास सुटलेली पोरं मी इथं पाहिली आहेत.

वऱ्हाडी_गडी
साऱ्यायचंच तसं होत नाही. तो आता नोकरीवर आहे तिथं.

निशिकासाईकर
कोणत्या कामावर?

संत्रा_वरूड
माझी मुलगी आठवीत आहे. तिला जपानी लावू की जर्मन? गावात दोन्हीचा क्लास नाही.

आर्वीकर_मास्तर
जपानी लावा! आपल्या पोरांना ती रचना सोपी जाते. 'गिन्कोऊ दे हाताराकिमासु', म्हणजे बँकेत काम करतो. 'दे' हा आपला सप्तमीचा 'त', अन् क्रियापद मराठीसारखंच शेवटी. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्रलिपी, मात्र रोज वहीत गिरवावी लागते, मोबाइलवर पाहून हात बसत नाही.

पतसंस्था_ताई
मास्तर, पोराचा सोमवार जवळ आला आहे. भाऊ, परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर ती तपासता येते. फी जास्तीत जास्त ३० हजार अन् वर जीएसटी. साडेतीन लाख कशाचे? नोंदणी क्रमांक मागा.

कपाशी_दारव्हा
मागितला. म्हणे मुंबईच्या ऑफिसात आहे, नंतर पाठवतो.
एक सांगायचं राहिलं. २५ हजार टोकन दिलं आहे. बाबांनी कापूस विकला त्यातलं.

पतसंस्था_ताई
हे आधी सांगायचं ना दादा! नगदी दिलं का? पावती?

कपाशी_दारव्हा
फोनवरून पाठवलं. पावती नाही. आत्ता पाहिलं, कंपनीच्या नावावर नाही, एका माणसाच्या नावावर गेलं आहे.

पतसंस्था_ताई
आत्ताच्या आत्ता १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. एजंटशी झालेलं बोलणं पुसू नका. त्याला काही कळवू नका.

निवृत्त_कॅशियर
तुझ्या बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज दे, पोच घे.

कपाशी_दारव्हा
१९३० वर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. उद्या दारव्ह्याला शाखेत जातो. बाबांना अजून सांगितलं नाही.
निशिकासाईकर दादा, एन-२ पर्यंत पतसंस्थेतली नोकरी धरून ठेवली तर हा अनुभव तिकडे मोजतात का?

निशिकासाईकर
तुमच्याकडे पदवी आहे, व्हिसाला तीच पुरे. पण मुलाखतीत हा अनुभव नक्की विचारतील. कर्जाचे अर्ज तपासता की नुसती रोकड?

कपाशी_दारव्हा
दोन्ही. पीककर्जाची कागदं मीच पाहतो.