सहा आठवड्यांच्या निवासी शिबिरात कुत्रीला पाठवावे का?

दख्खनी: आमची कारवान जातीची कुत्री ११ महिन्यांची आहे. मांजर दिसताच ती इतक्या जोराने ओढते की गेल्या महिन्यात आई रस्त्यावर पडली. शहराबाहेरच्या एका निवासी शिबिराने सहा आठवड्यांत सर्व शिकवून देण्याची हमी दिली आहे. मात्र पहिले तीन आठवडे तिला भेटता येणार नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो. पाठवावे का?

नदीकाठ: पाठवू नये. आमचा लॅब्रॅडॉर अशाच एका शिबिरातून परतला, तेव्हा प्रशिक्षकाने आमच्या अंगणात त्याला बसवून, थांबवून, हाक मारून दाखवले आणि आम्ही थक्क झालो. परंतु त्यांची गाडी वळणाआड गेली आणि त्याच कुत्र्याने पत्नीच्या 'बस'कडे साफ दुर्लक्ष केले. कुत्रा एका जागी, एका माणसाकडून शिकलेली गोष्ट दुसरीकडे आपोआप लागू करत नाही. शिवाय त्याच्या कानामागे गोचिडी होत्या आणि पुढे गोचीड-तापाचे उपचार करावे लागले, ते वेगळेच.

माळरान: एका वाईट अनुभवावरून सर्वच शिबिरांना मोडीत काढणे मला पटत नाही. कारवान हा नजरेने सावज हेरून त्यामागे सुसाट धावणारा शिकारी कुत्रा आहे. त्याला आवरायचे तर बक्षीस नेमक्या क्षणी द्यावे लागते, आणि सायंकाळी आठ वाजता थकून घरी आलेल्या माणसाला ते साधत नाही. त्यातच घरी एकजण 'खाली उतर' म्हणतो आणि आजोबा ताटातली पोळी मोडून तिच्या तोंडात देतात. अशा घरापेक्षा शिबिरातली शिस्त कुत्रीला अधिक सुसह्य वाटेल.

नदीकाठ: आजोबांचा मुद्दा मान्य, परंतु ती परतेल तेव्हाही आजोबा तेथेच असतील. टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या श्वान-प्रशिक्षण केंद्रात कुत्र्याबरोबर त्याचा हँडलरही, म्हणजे त्याला हाताळणारा जवानही, प्रशिक्षण घेतो. ज्यांचे कामच शिस्तीचे, ते माणसाला वगळत नाहीत, मग आपण का वगळावे?

माळरान: हँडलरला त्यासाठी पगार मिळतो, हा फरक आपण सोयीस्करपणे विसरता. तरीही भेटबंदी मलाही खटकते. दख्खनी, आपण तेथे न कळवता जाऊन एक सत्र पाहावे. गळ्यात काटेरी किंवा विजेचा पट्टा दिसला, तर तेथूनच परत फिरावे. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे आणि आपल्याकडेही १९६० च्या कायद्यानुसार प्राण्याला विनाकारण वेदना देणे हा गुन्हा आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची लसीकरण-पुस्तिका ते तपासतात का, हेही पाहावे, कारण परव्हो हा कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि जमिनीत कित्येक महिने टिकतो. हे सर्व ठीक असेल, तर मी पाठवीन.

दख्खनी: आज फोन केला. लसींची पुस्तिका त्यांनी स्वतःहून मागितली, परंतु पट्टा कोणता वापरता असे विचारताच 'ते आमच्यावर सोडा' असे उत्तर मिळाले. आगाऊ रक्कम दिलेली नाही. रविवारी घरी येणाऱ्या एका प्रशिक्षकाला बोलावले असून आईही त्या वेळी अंगणात असेल.

माळरान: आजोबा असतील, तर त्यांनाही बसवा. आणि शिबिराचा विचार कायमचा सोडू नका, दुसरे पाहा.