प्रतिसाद: गिरणारेच्या पुढे जा!

नाशिकजवळच्या द्राक्षबागांतून सायकल फिरवायची तर रविवारी गंगापूर-सावरगाव रस्त्यावर गाड्याच गाड्या, सायकलीला जागा नाही, असं वर कुणीतरी लिहिलंय. खरंय, पण तो दोष वेळेचा. वायनरीकडे, म्हणजे वाईनच्या कारखान्यांकडे जाणारी गर्दी अकराच्या आधी उठत नाही. साडेपाचला नाशिक सोडा, नाहीतर सरळ मंगळवार-बुधवार गाठा.

माझं मत विचाराल तर गंगापूर धरणापाशी थांबूच नका. गिरणारे गाव ओलांडून हरसूलच्या रस्त्याला लागा. टोमॅटोच्या हंगामात गिरणाऱ्यात क्रेट भरलेल्या पिकअपची झुंबड असते, तेवढी सोसा. पुढे वाघेरा घाटाकडे रस्ता कसा मोकळा होत जातो! चढ फार उभा नाही, पण लांबलचक. पहिल्याच वळणावर जोर लावलात तर वर जीभ बाहेर.

जाताना बागांकडे नीट बघा. खायच्या द्राक्षांचे मांडव नाहीतर वाय आकाराचे अँगल, आणि वाईनच्या बऱ्याच बागा कुंपणासारख्या सरळ तारांवर. वाईनच्या द्राक्षांचे मणी बारीक, साल जाड, आत बी. जानेवारी ते मार्च तोडणी, तेव्हाच मजा. एप्रिलमध्ये खरड छाटणी (तोडणीनंतरची जोरदार छाटणी) झाली की नुसते खुंट, वर ऊन.

एक सांगायचं राहिलं. सकाळी ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर दम खात जवळ उभं राहू नका. मी एकदा राहिलो, घरी पोचेपर्यंत जर्सीला गंधकाचा वास. आणि बांधाकडेला टेकू नका, तारेचे बारीक तुकडे पडलेले असतात. पंक्चरसाठी दोन जादा ट्यूब तरी जवळ हव्यातच.