मदत हवी आहे: कणसाच्या सालींचा ड्रेस पावसाळ्यात टिकवायचा कसा?

‘प्रोजेक्ट रनवे’ या फॅशन डिझायनरांच्या अमेरिकी टीव्ही स्पर्धेच्या 2004 मधल्या पहिल्याच फेरीत किराणा दुकानातल्या वस्तूंपासून कपडे करायचे होते. ऑस्टिन स्कार्लेटने कणसाच्या सालींचा ड्रेस केला आणि फेरी जिंकली. माझ्या मते तो विजय रास्तच. साली सुकल्या की आकसतात, कडा वळतात, हा धोका पत्करूनही ड्रेस नेटका दिसला.

फोंड्यातल्या एका स्पर्धेसाठी मुलींना तसाच स्कर्ट करायचा आहे. आत मांजरपाटाचं अस्तर, त्यावर खालून वर, कौलांसारख्या एकावर एक साली. टाका चार मिलिमीटरचा, सालीवरच्या रेषांना आडवा. रेषांच्या दिशेने बारीक टाका मारला की साल उभी फाटते. इथवर जमतं.

अडतं ते ग्लिसरिनपाशी. एक भाग ग्लिसरिन, दोन भाग गरम पाणी या मिश्रणात भिजवलेल्या साली मऊ राहतात खऱ्या, पण ग्लिसरिन हवेतला ओलावा ओढतं. गोव्याच्या जुलैत त्या चिकट होतात, बुरशीही धरते. प्रमाण एकास चार केलं तर मऊपणा पुरेल का? की साली पूर्ण वाळवून, शिवायच्या आधी नुसत्या पाण्याने ओलवाव्यात? आणि म्हापशाच्या बाजारात एकगठ्ठा साली कोण देईल? ज्यांनी पानाफुलांचं असं काम केलंय, त्यांनी कृपया प्रमाणासकट सांगा.