साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, बोटीने, एकटीने: कुठली बोट, कुठली केबिन? मदत हवी आहे

धागाकर्ती

पुढच्या वर्षी मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचं ठरतंय. नवऱ्याला पाण्याचा तिटकारा. तो म्हणाला, "मी विमानाने सरळ पोचतो, तुला आठवडाभर हेलकावे खायचे असतील तर खुशाल खा." याला मी परवानगी समजते आणि कामाला लागले आहे. बेत असा: मुंबई ते लंडन विमान, साउथॅम्प्टनहून बोट, न्यूयॉर्कला उतरायचं. येताना दोघं नेवार्कहून विमानाने.

कशी बोट हवी तेही सांगते. कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस या क्रूझ जहाजाने मुंबई-गोवा केलेलं आहे. मैत्रिणींबरोबर होते, धमाल आली. पण पोहण्याचा तलाव, डीजे आणि बुफेची रांग या सगळ्यात समुद्र बिचारा मागेच राहिला. आता मला एका बंदरातून निघून दुसऱ्या बंदराला पोचणारी बोट हवी आहे, फिरवून परत आणणारी नको. सकाळी डेकवर चालायचं, दुपारी वाचायचं, संध्याकाळी नीट साडी नेसून जेवायला जायचं. घसरगुंड्या आणि गो-कार्टिंग असेल तर माझा पास.

शोधल्यावर कळलं ते असं. ठरलेल्या वेळापत्रकाने अटलांटिक ओलांडणारी खरी ओशन लायनर आता एकच उरली आहे, क्युनार्ड कंपनीची क्वीन मेरी २. २००४ पासून चालते. त्याच कंपनीच्या क्वीन व्हिक्टोरिया (२००७), क्वीन एलिझाबेथ (२०१०) आणि क्वीन अ‍ॅन (२०२४) यांचा थाट तोच, पण त्या क्रूझ जहाजं आहेत. इथल्या ट्रॅव्हल एजंटला हे विचारलं तर म्हणतो, "मॅडम, सगळ्या राण्या सारख्याच, अ‍ॅन एकदम नवी आहे, ती घ्या."

तर पहिला प्रश्न हाच, की लायनर आणि क्रूझ जहाज यांत प्रवाशाला जाणवेल असा फरक असतो का, की हे फक्त बोटवेड्यांचं खूळ आहे? दुसरं, एकटीसाठीची केबिन घ्यावी की साधी आतली दोघांची घेऊन वरचे पैसे भरावेत? बाल्कनीचा मोह आहे पण भाव बघून उतरतो. मला बोट थोडी लागते (एम्प्रेसवर एक रात्र आलं चघळून काढली), त्यामुळे महिना कोणता धरावा हेही सांगा. आणि शाकाहारी बाईने, एकटीने, सात रात्री जेवणाच्या टेबलावर काय करायचं?

वय ६१, गुडघे ठीक, इंग्रजी कामापुरतं चांगलं.

दर्यावर्दी

ताई, आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, प्रवासी बोटीवर नोकरी केली नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. फरक असतो आणि तो पोटाला कळतो.

क्रूझ जहाज हे मुळात उथळ बंदरांत शिरता यावं आणि बाल्कन्या जास्तीत जास्त बसाव्यात या हिशेबाने बांधतात. हवामान बिघडलं तर ते मार्ग बदलतं किंवा एखादं बंदर गाळतं. लायनरला ती चैन नसते, तिला ठरल्या दिवशी पलीकडे पोचायचं असतं. म्हणून क्वीन मेरी २ ची नाळ (म्हणजे बोटीचं पुढचं टोक) लांब आणि निमुळती आहे, पत्रा जाड आहे, आणि ती पाण्यात दहा मीटरच्या वर बसते. क्वीन व्हिक्टोरिया साधारण आठ मीटर बसते. लांबी ३४५ मीटर, म्हणजे अटलांटिकची लांब लाटही तिला सहजासहजी झुलवत नाही. वेग तीस नॉटच्या (तासाला तीस सागरी मैलांच्या) आसपास जाऊ शकतो. सात रात्रींच्या प्रवासाला एवढा वेग लागत नाही, पण तो हाताशी असल्यामुळे कप्तान वादळाला वळसा घालून पुढे वेळ भरून काढू शकतो. तिच्या लाइफबोटीसुद्धा नेहमीपेक्षा बऱ्याच वर टांगलेल्या आहेत, लाटांचा मार लागू नये म्हणून. त्यासाठी नियमातून खास सवलत घ्यावी लागली होती. स्टीफन पेन नावाच्या इंजिनिअरने आराखडा केला, आणि हा माणूस लायनरवेडा होता ते बोटीकडे बघूनच समजतं.

आता बोट लागण्याबद्दल. जहाजाला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते आडवं डोलणं मारतात. नाळ वरखाली होते ते मात्र कोणी थांबवू शकत नाही, आणि पश्चिमेकडे जाताना बहुतेक वेळा लाट समोरूनच येते. उपाय जुनाच आहे, केबिन मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या. उंचावरची, नाळेजवळची महागडी केबिन घेऊन लोक पैसे देऊन ओकतात.

महिना: मे अखेर ते जुलै. जूनमध्ये न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला धुकं लागेल, तिथे लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह भेटतात. पण धुक्यात पाणी बहुतेकदा शांत असतं. सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडच्या हरिकेनचं शेपूट कधी कधी वर येतं. हिवाळ्याचा विचार नको, आणि तसंही जानेवारी ते एप्रिल ती बोट जगप्रदक्षिणेला जाते.

धुक्यात भोंगा वाजेल तेव्हा कान देऊन ऐका. तिच्या भोंग्यांपैकी एक १९३० च्या दशकातल्या मूळ क्वीन मेरीचा आहे, ती बोट जिथे उभी आहे त्या कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून उसना आणलेला. दहा मैलांवर ऐकू जातो म्हणतात.

हडसनकाठची

मी याच बोटीने आले आहे, एकटीच, उलट दिशेने नाही, तुमच्याच दिशेने. त्यामुळे केबिनचं मी बोलते.

एकट्यासाठीच्या केबिन २०१६ च्या डागडुजीत घातल्या. सबंध बोटीत फक्त १५. दुसऱ्या-तिसऱ्या डेकवर, मोठ्या खिडक्यांच्या, म्हणजे वरच्या काकांच्या कसोटीला बरोबर उतरतात. पण अडीच हजारांहून जास्त प्रवाशांत पंधरा खोल्या, तेव्हा बुकिंग उघडतं तेव्हाच संपतात. आणि गंमत म्हणजे त्या स्वस्त असतीलच असं नाही! दोघांची केबिन एकट्याने घेतली तर माणशी भाड्याच्या साधारण पावणेदोन पट पडतं. तरीही आतल्या बिनखिडकीच्या केबिनचं पावणेदोन पट हे सिंगलच्या भाड्यापेक्षा कमी निघू शकतं. एकाच दिवशी दोन्ही भाव काढून बघा, वेगवेगळ्या दिवशीचे ताडू नका, भाव रोज हलतात.

बाल्कनीचा मोह आवरा. त्यातल्या बऱ्याच बाल्कन्या जहाजाच्या पत्र्यातच कोरल्यासारख्या आहेत, पुढचा कठडा पोलादी आणि भरीव. वारा लागत नाही हे खरं, पण खुर्चीत बसलं की समुद्र नाही, कठडाच दिसतो. आणि उत्तर अटलांटिकमध्ये जूनलासुद्धा शाल घेऊन किती वेळ बसणार? त्यापेक्षा सातव्या डेकवर पूर्ण बोटीला प्रदक्षिणा घालता येते, लाकडी फरशी, आरामखुर्च्या. तीन फेऱ्या म्हणजे मैलाच्या थोडं वर. पश्चिमेला जाताना डाव्या बाजूला ऊन, हे लक्षात ठेवून खुर्ची पकडा.

वाचनालय खरोखर मोठं आहे, नाळेकडच्या खिडक्यांशी बसायला जागा आहे, ती सकाळी लवकर भरते. तारांगणही आहे. कुत्र्यामांजरांसाठी वेगळी जागा आहे आणि त्यांचे मालक त्यांना डेकवर भेटायला येतात तो कार्यक्रम फुकट बघायला मिळतो.

या दिशेने जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे घड्याळ. पाच रात्री एकेक तास मागे जातं. रोज तासभर जास्त झोप, आणि उतरल्यावर जेटलॅग शून्य. मी पोचले त्या दिवशी संध्याकाळी मुलीकडे पोळ्या लाटत होते. पूर्वेकडे जाताना हेच तास कापले जातात, तेव्हा लोकांनी कितीही सांगितलं तरी दिशा बदलू नका.

पोटपूजक

जेवणाची काळजी नको, ब्रिटिश बोट आहे, करी मिळणारच. 😄 मोठ्या डायनिंग रूममध्ये रोज शाकाहारी पदार्थ असतात. पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठून "अंडं चालतं की नाही, मासा म्हणजे भाजी नव्हे" हे स्वच्छ सांगा. बऱ्याचदा तो गोव्याचा किंवा केरळचाच निघतो, मग तर प्रश्नच मिटला. दुपारी साडेतीनच्या सुमाराला क्वीन्स रूममध्ये पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा आणि सँडविच देतात, ते चुकवू नका. चहा आपल्या मानाने पाणचट असतो पण थाट बघा.

साडी: दोन रात्री 'गाला' (नटूनथटून जेवायला जायच्या) असतात, तेव्हा राष्ट्रीय पोशाख चालतो. पैठणी न्या. मंडळी फोटो मागतात, तयारी ठेवा.

अलंगवाला

थोडं विषयांतर. खरी लायनर हवी म्हणता, पण क्वीन मेरी २ ही काही जुनी नाही, जुन्या पद्धतीची नवी बोट आहे. अस्सल जुन्या होत्या त्यांतल्या कितीतरी आमच्या गुजरातच्या किनाऱ्यावर येऊन संपल्या. १९६२ ची 'फ्रान्स', जी पुढे 'नॉर्वे' झाली, ती 'ब्लू लेडी' नावाने २००६ मध्ये अलंगला, जहाजं तोडतात त्या किनाऱ्यावर आली. सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, मग तोडली. मी तेव्हा भावनगरला नोकरीला होतो. किनाऱ्यावर उभी असलेली ती नाळ दुरून दिसायची.

झोपायला मिळेल अशा जुन्या बोटी अजून आहेत, फक्त त्या हलत नाहीत. क्वीन एलिझाबेथ २ (१९६९ ची) दुबईत हॉटेल आहे, मूळ क्वीन मेरी कॅलिफोर्नियात लाँग बीचला १९६७ पासून, आणि 'रॉटरडॅम' रॉटरडॅमलाच. लंडनचं विमान दुबईवरून जाणारं घेतलंत तर एक रात्र तिथे काढता येईल. बोट लागणार नाही याची हमी.

आपल्या मुंबईहूनही लायनर सुटायच्या. बाबासाहेब १९३० मध्ये गोलमेज परिषदेला 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने गेले, पुढच्या वर्षी गांधीजी 'राजपुताना'ने. आता मुंबईत चढून विलायतेला उतरवणारी बोट नाही, म्हणून ताईंना हा द्राविडी प्राणायाम.

फ्योर्डकर

नॉर्वेहून. एक वेगळा पर्याय टाकतो. तुम्हाला 'कामाची' बोट हवी असेल तर बर्गेन ते किर्केनेस जाणारी किनारी बोट बघा. १८९३ पासून चालू आहे, एका बाजूने ३४ बंदरं, माल आणि गावकरी चढतात-उतरतात, रात्री अडीचला सुद्धा. जाऊन येऊन १२ दिवस. एकट्यासाठी अधूनमधून जादा भाडं माफ करतात. नटणं-थटणं नाही, स्वेटरवर जेवा. पण अमेरिकेला पोचत नाही, ही अडचण आहेच!

हडसनकाठची

फ्योर्डकर, त्या बोटीसाठी ताईंनी वेगळा धागा काढावा, मीही येते.

ताई, कागदपत्रांचं राहिलं. चढायच्या वेळी अमेरिकेचा बी-१/बी-२ (पाहुण्यांचा) व्हिसा पासपोर्टवर लागतोच, नाहीतर साउथॅम्प्टनलाच थांबवतात. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा. आणि काही फेऱ्या जर्मनीच्या हँबुर्ग किंवा फ्रान्सच्या ल हाव्रला लागतात, तशी फेरी घेतली तर शेंगेन (युरोपातल्या देशांचा सामाईक) व्हिसासुद्धा, तेव्हा सरळ साउथॅम्प्टन-न्यूयॉर्कच घ्या. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख हातात आल्याशिवाय परत न मिळणारं भाडं भरू नका. प्रवास विमा घ्या, त्यात जहाजावरचे उपचार धरलेत का ते वाचा, बोटीवरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं.

बोटीवर सामानाचं बंधन जवळपास नाही असं ऐकून लोक हरखतात. पण तुम्ही लंडनपर्यंत विमानाने येणार, म्हणजे बंधन तिथेच लागलं. लोणच्याची बरणी तेवढ्यापुरतीच.

आदल्या रात्री साउथॅम्प्टनला मुक्काम करा. वॉटर्लूहून गाडीने सव्वा-दीड तास लागतो, पण विमान उशिरा आलं तर बोट थांबत नाही. आणि मुलाला सांगा, बोट ब्रुकलिनच्या रेड हुकला लागते, तिथे गाडी घेऊन ये. तिथे सबवे जवळ नाही. शेवटच्या पहाटे चारला गजर लावा, व्हेराझानो पुलाखालून जाताना धुराडं आणि पूल यांत जेमतेम तीन-चार मीटर उरतात. सगळी बोट डेकवर असते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, एवढं एजंटने दोन बैठकांत सांगितलं नाही. ठरवलं: क्वीन मेरी २, जून, पश्चिमेकडे. सिंगल केबिन मिळाली तर ती, नाहीतर खालच्या डेकवरची आतली. बाल्कनी रद्द. आधी व्हिसाची मुलाखत. दुबईचं नवऱ्याला सांगितलं, न हलणारी बोट म्हटल्यावर तोही यायला तयार झालाय, त्यामुळे तो भाग लांबणीवर.

टेबलाचं मात्र कोणी नीट सांगितलं नाही. बुकिंगच्या फॉर्ममध्ये दोनचं, चारचं, सहाचं, आठचं असं विचारलंय. एकटीने कुठलं मागावं?

हडसनकाठची

आठचं. तुम्ही धरून आठ, त्यात दोघं कंटाळवाणे निघाले तरी पाच उरतात. दोनचं चुकूनही मागू नका, समोरचा माणूस फक्त जहाजांच्या इंजिनांवर बोलणारा निघाला तर सात रात्री सुटका नाही.

दर्यावर्दी

हे वाक्य मला उद्देशून आहे का?