३३व्या सदनिकेचा भरणा पहिल्या सदनिकेच्या नावावर का दिसतो?

प्रश्न (मुलुंड):
आमच्या सोसायटीत ३६ सदनिका आहेत. मेंटेनन्सचा हिशेब मी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. दर महिन्याच्या नोंदीत एक बिगिंट (६४ बिटांच्या पूर्णांकाचा) रकाना आहे, त्यातला एकेक बिट एकेका सदनिकेचा, आणि ज्या सदनिकेचे पैसे आले तिचा बिट उभा करण्यासाठी १ << (सदनिका - १) हे मूल्य (म्हणजे १ चा बिट तितक्या जागा डावीकडे सरकवून) जुन्या मूल्याशी | ने जोडतो, म्हणजे दोन्हींतले १ असलेले बिट एकत्र होतात. ३१व्या सदनिकेपर्यंत सारे बिनचूक चालले. मात्र ३३वीची पावती नोंदवली की भरणा पहिलीच्या नावावर दिसतो, आणि ३२वीची नोंदवली की तिच्या पुढच्या चारही सदनिकांची थकबाकी नाहीशी होते. रकाना ६४ बिटांचा असताना असे का व्हावे? ज्यांनी वेळेवर पैसे भरले त्यांना नोटीस जाऊ नये, एवढीच माझी काळजी आहे.

उत्तर १:
रकाना ६४ बिटांचा असला तरी नुसता लिहिलेला १ हा आकडा पोस्टग्रेस ३२ बिटांचा इंटिजर मानतो, आणि सरकवण्याची क्रिया रकान्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्या ३२ बिटांत उरकते. नेहमीच्या प्रोसेसरवर अशा वेळी सरकवण्याच्या आकड्याचे शेवटचे पाचच बिट पाहिले जातात, म्हणून ३२ ने सरकवणे हे शून्याने सरकवण्यासारखे होऊन उत्तर १, म्हणजे पहिली सदनिका, येते. ३२वीचा घोटाळा निराळा आहे. १ << ३१ चे उत्तर -२१४७४८३६४८ येते, आणि ही ऋण संख्या बिगिंटमध्ये जाताना चिन्ह टिकवण्यासाठी वरचे सगळे बिट १ होतात. आधी १ ला कास्ट करून, म्हणजे त्याचा प्रकार बदलून, बिगिंट करा आणि मगच सरकवा.

उत्तर २:
मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हीच क्रिया ६४ बिटांत होते, त्यामुळे तिथे हा दोष दिसला नसता. जुन्या नोंदी मात्र वजाबाकीने दुरुस्त करू नका. ३२वीच्या नोंदीनंतर पुढच्या चौघांपैकी खरोखर कोणी भरले, ही माहिती त्या आकड्यात उरलेलीच नाही. पावतीपुस्तकावरूनच पुन्हा भरा. माझ्या मते प्रत्येक सदनिकेसाठी दरमहा स्वतंत्र ओळ ठेवणे अधिक योग्य, कारण पैसे कोणत्या तारखेला आले हे बिट सांगू शकत नाही.

प्रश्नकर्ता:
कास्ट केल्यावर ३३वीसाठी ४२९४९६७२९६ हे योग्य मूल्य मिळाले. मनापासून आभार. खजिनदारांकडून पावतीपुस्तके मागवली आहेत आणि ती तपासून होईपर्यंत नोटिसा थांबवल्या आहेत.