मदत हवी आहे: महिन्याच्या नोंदी दीर्घकालीन सरासरीशी कशा ताडून पाहाव्यात?

गच्चीवरच्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या एका महिन्याच्या नोंदी जवळच्या अधिकृत केंद्राच्या १९९१-२०२० सरासरीशी ताडून पाहतोय. तापमान १.६ अंश जास्त, पाऊस ४० टक्के कमी. दर पाच मिनिटांच्या सगळ्या नोंदींची सरासरी घेतली आहे. वीज गेल्याने सलग चार दिवसांच्या नोंदी नाहीत. महिना उष्ण आणि कोरडा म्हणता येईल का?

प्रतिसाद १
इतक्यात नको. अधिकृत मासिक सरासरी बऱ्याचदा रोजच्या कमाल आणि किमान तापमानाच्या मध्यावरून काढलेली असते. पाच मिनिटांच्या नोंदींची सरासरी त्याहून काही दशांश अंशांनी वेगळी येऊ शकते. तुम्हीही कमाल-किमानच घ्या. पावसाचा दिवस बहुतेक ठिकाणी सकाळी ते सकाळी मोजतात, मध्यरात्रीपासून नाही; तेही जुळवा.

जागतिक हवामान संघटनेच्या निकषानुसार ११ किंवा अधिक दिवस, अथवा सलग ५ दिवस गहाळ असतील तर मासिक सरासरी काढत नाहीत. म्हणजे तापमान चालेल. पावसाची बेरीज मात्र एकही दिवस गहाळ असला तरी अपुरी, कारण महिन्याचा मोठा पाऊस नेमका त्याच दिवशी पडलेला असू शकतो. तिथे शून्य तर मुळीच भरू नका. टिपिंग बकेटच्या (पाण्याने भरली की उलटणाऱ्या छोट्या वाटीच्या पर्जन्यमापकाच्या) गाळणीत पालापाचोळा अडकलाय का तेही बघा. जोराच्या सरीत ती तशीही कमी मोजते.

प्रतिसाद २
मूळ अडचण वेगळीच आहे: यंत्र तुमचं, सरासरी दुसऱ्याच जागेची. तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटरवर, हवेशीर पांढऱ्या कवचात हवा. गच्ची तापते आणि रात्रीही उष्णता सोडत राहते. दर १०० मीटर उंच गेलं की तापमान साधारण ०.६५ अंशाने कमी धरतात, पण शांत, निरभ्र रात्री दरीत उलट चित्र असतं, खालीच जास्त गार, त्यामुळे ती दुरुस्ती ढोबळच. अधिकृत केंद्राचाच त्या महिन्याचा आकडा काढा आणि तो त्याच केंद्राच्या सरासरीशी ताडा.

धागाकर्ता
काढला. तिथे तापमान फक्त ०.५ अंश जास्त आहे. हे किती मानायचं?

प्रतिसाद २
मग उरलेला १.१ अंश बहुतांशी तुमच्या जागेचा, यंत्राचा आणि मोजण्याच्या रीतीचा. आता ३० वर्षांच्या त्याच महिन्याच्या सरासरींचं प्रमाण विचलन (दरवर्षीचा आकडा सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचं माप) काढा. ते ०.९ अंश आलं, तर ०.५ म्हणजे जेमतेम ०.६ विचलन, अगदी नेहमीचं. ते ०.२ आलं, तर महिना खरोखर उष्ण. त्या ३० वर्षांत केंद्राची जागा बदललेली नाही ना, याची आधी खात्री करा.

पावसाला हे माप लावू नका, त्याचं वितरण एका बाजूला झुकलेलं असतं, म्हणजे बऱ्याच वर्षी कमी आणि मोजक्या वर्षी खूप जास्त पाऊस. तिथेही अधिकृत केंद्राचीच बेरीज घ्या, तीसही वर्षं चढत्या क्रमाने लावा आणि हा महिना कितवा बसतो ते पाहा. खालच्या सहा वर्षांत बसला तरच कोरडा म्हणा. सरासरीच ५ मिमी असेल, तर ४० टक्के तूट म्हणजे एक हलकी सर कमी, इतकंच.