मदत हवी आहे : ड्रीमकास्ट मध्येच रीसेट होतो, सेलही हवा (सोलापूर)

सेगाचा ड्रीमकास्ट हा व्हिडिओ गेम कन्सोल १९९८ला जपानमध्ये आला आणि २००१मध्ये उत्पादन थांबलं. इतका काळाच्या पुढचा कन्सोल एवढ्या लवकर संपायला नको होता!

मॉडेल जपानी, १०० व्होल्टचं. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालतं. खेळता खेळता रीसेट होतं. पॉवर सप्लायला जोडणाऱ्या मदरबोर्डावरच्या सहा पिना काळवंडल्या की असं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, सप्लाय दोन-तीनदा काढून बसवला, तरी अर्ध्या तासाने तेच. आता पिनांना नव्याने कथील लावावं, की सप्लायचे कपॅसिटर बघावेत?

शिवाय आतला सेल गेल्याने तारीख पुसली जाते. सेल रीचार्जेबल लागतो, एमएल २०३२. साधा सीआर २०३२ थेट लावू नये. बोर्ड त्यालाही चार्ज करतो, सेल फुगतो. सोलापुरात, नवी पेठेच्या आसपास, टॅबवाला (डाग द्यायला पत्र्याच्या पट्ट्या असलेला) एमएल कुठे मिळेल?